आपली राय कळवावी

आमचे संपादक दाढीला बसले की न्हाव्याला विचारायचे, "हनुवटी कशी वाटायलीय?" न्हावी म्हणायचा, "बरी हाय की." तेवढ्यावर भागायचं नाही. मग शेजारच्या खुर्चीतल्या, तोंडाला फेस लावलेल्या माणसाकडे वळून ते म्हणायचे, "तुमची राय काय?" तो माणूस फेसामुळे बोलू शकायचा नाही. संपादक थांबायचे. त्यांना कधी घाई नसायची. हे मला पक्कं माहीत आहे, कारण एकदा तो शेजारचा माणूस माझा नवरा होता.

राय हा त्यांचा खास शब्द. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेला माणूस. मत म्हटलं की भांडण आठवतं, राय म्हटलं की अदबीनं विचारल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे त्यांचं म्हणणं असं नाही. असं पुष्कळांचं म्हणणं आहे, असं ते म्हणायचे.

स्वतःची राय त्यांनी कधी कुणाला दिली नाही. चहा कसा झालाय म्हणून विचारलं की म्हणायचे, "तुमाला कसा वाटला?" एकदा त्यांना ताप आला. मानवतचे डॉक्टर झाले, परभणीचे झाले, मावसभावाच्या ओळखीचा एक वैद्य झाला. सगळ्यांची राय नीट ऐकून घेतली, आणि यातलं कुठलं औषध घ्यावं हे विचारायला ते माझ्याकडे आले. तोवर ताप उतरला होता. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला सांगायच्या, "बगायला आले तवा माझ्या भावानं इचारलं, पोरगी पसंत हाय का? तर हे म्हनले, तुमच्या वडलांची राय काय? वडील म्हनले, आमची तर हाय. झालं, लगीन झालं. यांची राय अजून यायचीय."

मी लग्न होऊन मानवतला आले ती जालन्याहून. नवरा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होता. दिवसभर दुसऱ्यांच्या कापसाची प्रत ठरवायचा आणि घरी आला की आमटीबद्दलसुद्धा अवाक्षर काढायचा नाही. मला बी.ए. होऊन घरात बसायचा कंटाळा आला होता. संपादकांच्या साप्ताहिकाला मुद्रितं तपासायला कुणीतरी हवं होतं. मी जाऊन उभी राहिले. त्यांनी मला एक मुद्रित दिलं, मी चुका काढल्या, आणि मग त्यांनी बाहेर जाऊन समोरच्या हॉटेलमालकाला विचारलं, "या ताई कशा वाटायल्यात?" हॉटेलमालकानं माझ्याकडे रस्त्यापलीकडून बघितलं आणि मान हलवली. अशी मी नोकरीला लागले.

साप्ताहिक दर शुक्रवारी निघायचं. एकच मोठा कागद, मधोमध घडी, त्याची चार पानं. डोक्यावर नावाची पट्टी, आणि नावाशेजारी कापसाचं बोंड. ते बोंड सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरनं काढलेलं होतं आणि ते हुबेहूब फुलकोबीसारखं दिसायचं. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटायचं आमच्याकडे भाजीपाला फार पिकतो. आत कापसाचे भाव, तहसीलच्या नोटिसा, लग्नाच्या आणि निधनाच्या बातम्या, आणि पहिल्या पानावर उजवीकडे अग्रलेख.

अग्रलेख संपादक स्वतः लिहायचे. "एकीकडे" असा सुरू व्हायचा, निम्म्यावर "दुसरीकडे" यायचं आणि शेवटी "सुज्ञ वाचकांनी ठरवावे." हे वाक्य दर आठवड्याला लागणार हे ठरलेलंच, म्हणून आमच्या कंपोझिटर चाचांनी ते एकदाच जुळवून, शिशाच्या अक्षरांना सुतळीनं आवळून, टाइपांच्या खणांशेजारी फळीवर ठेवलं होतं. अग्रलेख जुळवून झाला की चाचा हात लांब करून ते उचलायचे आणि खाली बसवायचे. छपाई झाली की रॉकेलनं पुसून परत फळीवर. मधल्या दिवसांत त्याचा उपयोग कागद उडू नयेत म्हणून व्हायचा.

आता या सगळ्याला मी हसत होते, नाही असं नाही. पण एक गोष्ट मला पहिल्याच महिन्यात कळली. हा माणूस सगळ्या जगाची राय मागत फिरतो खरा, पण त्याला हवी आहे ती एकाच माणसाची, आणि तो माणूस त्याच्याशी बोलत नाही.

तो माणूस म्हणजे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. राहायला भीमनगरात. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात छत्री. दोघं एका शाळेत, एका वर्गात होते. त्या शाळेत गुरुजींना दाराजवळ, पायपुसण्याच्या पलीकडे बसवायचे. पुस्तक संपादकांकडे होतं, गुरुजींकडे नव्हतं. तेव्हा संपादक आपलं पुस्तक उचलून दाराजवळ जाऊन बसले आणि चौथीपर्यंत तिथंच बसले. घरी मार खाल्ला, तरी बसले. का बसलात, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "दाराजवळ वारं बरं लागायचं."

साप्ताहिक निघालं तेव्हापासून मुद्रितं गुरुजीच तपासायचे. अंक निघाला की दोघं समोरच्या हॉटेलच्या बाकड्यावर बसायचे. बाकडं रस्त्यावरच, त्यामुळे प्रेसच्या दारातून सगळं दिसायचं आणि ऐकूही यायचं. हॉटेलमालक अंकाच्या घडीवरून ब्लेड फिरवायचा, त्याचे दोन तुकडे करायचा, एक पान संपादकांना, एक गुरुजींना. वाचून झालं की अदलाबदल. हीच रीत सगळ्या हॉटेलला. एक अंक असा फिरत फिरत वीसेक माणसं वाचायची, आणि "ते पान द्या हिकडं" एवढ्यासाठी तरी प्रत्येकाला दुसऱ्याशी बोलावं लागायचं.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. गुरुजींचा भाऊ खेड्यात राहत होता. त्याचं घर जाळलं. संपादकांना कळलं तसे ते बैलगाडीत ज्वारीची पोती घालून तिकडे गेले. भर उन्हात स्वतः पोती उतरवली. जळालेल्या घराच्या दारात गुरुजींच्या शेजारी बसून राहिले. हे सगळं केलं, आणि परत येऊन अंकात छापलं: गावात तणाव, दोन्ही बाजूंचे म्हणणे. खाली चाचांनी फळीवरचं ते वाक्य बसवलं.

गुरुजी बाकड्यावर आले, पान हातात घेतलं, वाचलं. म्हणाले, "माझ्या भावाचं घर जळालं. याची दुसरी बाजू कोनती, तेवढं सांगा."

संपादक म्हणाले, "तुमची राय लिहून द्या गुरुजी. जशीच्या तशी छापतो."

गुरुजी उठले आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. तेव्हापासून तिथंच. मुद्रितं तपासायला यायचे बंद झाले, अंकात चुकांचा सुळसुळाट झाला, आणि पुढे काही वर्षांनी मला नोकरी मिळाली ती अशी. ही हकिकत मला निम्मी काकूंनी सांगितली आणि निम्मी चाचांनी.

पण शुक्रवारी गुरुजी यायचेच. हॉटेलमालक घडीवर ब्लेड फिरवायचा. एक पान या टोकाला, एक त्या टोकाला. वाचून झालं की गुरुजी पान बाजूला ठेवायचे, हॉटेलमालक ते उचलून संपादकांकडे न्यायचा आणि संपादकांचं गुरुजींकडे आणायचा. शब्द नाही. त्या बिचाऱ्याला दोघांचे चहा वेगवेगळ्या वेळी द्यावे लागायचे, कारण एकदम दिले तर दोघांनी एकदम प्यायल्यासारखं झालं असतं.

नामांतर व्हावं की नाही, यावर आमच्या अंकात सगळ्यांची राय येऊन गेली. आडत्याची, वकिलांची, भीमनगरातल्या तरुणांची, कॉलेजातल्या पोरांची, मानवत रोड स्टेशनवरच्या हमालाची. संपादकांची आली नाही. इतकंच काय, अंकात विद्यापीठाचं नावच यायचं नाही. नुसतं "विद्यापीठ". दोन्हीकडचे लोक नाराज व्हायचे आणि संपादक म्हणायचे, "बगा, दोगंबी सारखेच नाराज हायत."

अशात कधीतरी त्यांच्या मनानं घेतलं की अंकाचं रूप बदलायचं. परभणीला ऑफसेट आलं होतं. मजकूर चाचांनी इथंच जुळवायचा, चकचकीत कागदावर त्याचा ठसा काढायचा, पानं चिकटवून परभणीला पाठवायची. फोटो स्वच्छ येणार, नावाला लाल रंग येणार. आकार निम्मा, पानं आठ. फुलकोबी जाणार. पहिल्या पानावर अग्रलेखाला छान चौकट. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे पिन. मोठ्या मासिकाला असते तशी मधोमध पिन. त्यासाठी त्यांनी हैदराबादहून एक मशीन मागवलं. पायानं दाबायचं, की खाड्‌कन पिन बसायची. ते मशीन आलं त्या दिवशी त्यांनी तहसीलदारांपासून तेल्यापर्यंत सगळ्यांना बोलावून पिन लावून दाखवली आणि प्रत्येकाची राय घेतली. पिन कुणाला नापसंत असण्याचं कारणच नव्हतं.

मी पहिल्या शुक्रवारी सकाळपासून पिना लावत बसले. पाय दुखला, पण खरं सांगते, अंक देखणा दिसत होता. शेवटच्या पानावर तळाला संपादकांनी लिहिलं होतं: "अंकाचे नवे रूप आपणांस कसे वाटले? आपली राय निःसंकोच कळवावी."

कुणीही कळवली नाही. एक आठवडा वाट बघितली, दुसरा बघितला. जिंतूरच्या एका वर्गणीदाराचं कार्ड आलं. संपादकांनी ते डोळे मिटून हातात धरलं आणि मग वाचलं. त्याला दिवाळीपासून अंकच मिळाला नव्हता.

मग ते स्वतः निघाले. किराणा दुकानदार म्हणाला, "कागद लहान झालाय साहेब. पयलं निम्म्या पानात पावशेर शेंगदाणे बसायचे. आता पुडी सुटायलीय." संपादकांनी विचारलं, "आन् मजकूर?" दुकानदार म्हणाला, "मजकूर चांगलाय. शाई लागत न्हाई शेंगदाण्याला." शेजारच्या वहिनींची तक्रार की जुना अंक मांडणीच्या फळीवर बरोब्बर बसायचा, आता दोन लावावे लागतात आणि मधे फट दिसते. न्हावी म्हणाला, पूर्वी मोठा पेपर तोंडासमोर धरून गिऱ्हाईक गप बसायचं, आता सारखं इकडंतिकडं बघतंय, वस्तरा लागायची भीती. आडत्यानं तर अंक हातात घेऊन विचारलं, "बोंड कुटं गेलं?"

"ते फुलकोबी वाटायचं, असं काहींचं म्हणणं होतं," संपादक म्हणाले.

"फुलकोबीच होती. पण आपली होती की."

सगळ्यांत मनमोकळी राय त्यांना देवगाव फाट्यावर मिळाली. तिथं एसट्या थांबतात, चहापाण्याला वेळ असतो, म्हणून ते अंकांचा गठ्ठा घेऊन मुद्दाम गेले. एका कंडक्टरनं अंक उलटसुलट करून बघितला, कागद बोटानं चोळून बघितला आणि म्हणाला, "लय झकास झालाय. कुटंबी नाव ठेवायला जागा न्हाई." संपादक हरखले. म्हणाले, "जुन्यापेक्षा बरा?" कंडक्टर म्हणाला, "जुना मी बगितलाच न्हाई. मी पेपर वाचत न्हाई." ही राय संपादकांनी पुढच्या अंकात चौकटीत छापली. शेवटची दोन वाक्यं मी काढली.

एवढ्या धावपळीत समोरच्या बाकड्यावर काय झालं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं, कारण मी दिवसभर त्या दारातच बसायचे.

पिन लावलेला पहिला अंक हॉटेलात गेला. मालकानं ब्लेड काढली, अंक उघडला, पिन बघितली आणि ब्लेड परत खिशात ठेवली. त्याच्या लेखी पिन लावलेली वस्तू म्हणजे पुस्तक, आणि पुस्तक काही फाडायचं नसतं. तेव्हा अंक अख्खाच फिरायला लागला. एक माणूस वाचणार, बाकीचे गप बसणार. कुणी कुणाला पान मागेना. संपादक या टोकाला बसून वाचत होते. गुरुजी त्या टोकाला थांबले. थांबून थांबून एकदा छत्री घेतली आणि गेले. पुढच्या शुक्रवारी जरा कमी थांबले. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आलेच नाहीत.

संपादकांना वाटलं, गुरुजींना नवं रूप आवडलं नाही. ते फार खचले. बाहेर नेहमीसारखेच होते, फक्त दाढी करताना न्हाव्याला काही विचारलं नाही म्हणून न्हावी घाबरून काकूंना सांगायला आला.

मला राग आला होता. मी म्हटलं, "ज्यांना विचारायचंय त्यांना सोडून तुम्ही देवगाव फाट्यापर्यंत जाऊन आलात. भीमनगर पाच मिनिटांवर आहे."

ते टेबलावरची, पानं चिकटवायची खळ ढवळत बसले. मग म्हणाले, "ताई, तुमी चला संगं. तुमी असल्या तर ते दार लावून घेणार न्हाईत."

गुरुजींनी दार लावून घेतलं नाही. बसा म्हणाले. त्यांच्या पत्नीनं चहा आणला. भिंतीवर फोटो, खाली कपाटात पुस्तकं, आणि कपाटाच्या वर आमच्या जुन्या अंकांचा व्यवस्थित बांधलेला गठ्ठा. संपादकांनी तो बघितला आणि नजर खाली केली. एवढी वर्षं एकमेकांशी न बोललेली दोन म्हातारी माणसं समोरासमोर बसली होती आणि मी मधे बशीत चहा ओतत होते.

"अंकाचं रूप बदललंय," संपादक म्हणाले.

"बगितलं."

"सगळ्यांना इचारायलोय. म्हनलं तुमची बी राय घ्यावी."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. "ताई, चहा घ्या. निवायलाय." मग संपादकांकडे वळले. "माझी राय मी घर जळालं त्याच साली दिली. आता इतकी वर्सं झाली, मी तुमची राय कधी येती म्हणून वाट बगायलोय. गावाची छापली, तालुक्याची छापली, परवा त्या कंडक्टरची बी छापली म्हनं. तुमची कुटंय?"

"माझी एकट्याची राय. तिनं काय होतंय गुरुजी?"

"माझी एकट्याची राय मिळंना, म्हणून तर इथवर आलाव न्हवं?"

संपादकांनी चहा संपवला. कसा झालाय, हे त्यांनी विचारलं नाही.

त्या आठवड्यात ते प्रेसमध्ये आले की थेट टेबलाशी बसायचे आणि कागद पुढ्यात घेऊन लिहायचे, चुरगाळायचे. गुरुवारी त्यांनी अग्रलेख माझ्या हातात दिला. एरवी दोन-तीन कागद असायचे, या वेळी अर्धाच. "एकीकडे" नव्हतं. लिहिलं होतं: "आमच्या मते विद्यापीठाचे नामांतर झाले पाहिजे. त्या साली ज्यांची घरे जाळली गेली, त्यांच्या दुःखाला दुसरी बाजू नव्हती. ती असल्यासारखे आम्ही लिहिले. ते चुकले."

मी वाचलं. मग म्हटलं, "आमच्या म्हणजे कुणाच्या?"

मला वाटलं आता चाचांना विचारतील, हॉटेलमालकाला विचारतील, रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला विचारतील. त्यांनी पेन घेतलं, "आमच्या" खोडून "माझ्या" केलं, "आम्ही" खोडून "मी" केलं आणि कागद चाचांकडे सरकवला.

चाचांनी जुळवायला घेतलं. चार ओळींत संपलं. सवयीनं हात फळीकडे गेला, सुतळीनं बांधलेलं वाक्य उचललं आणि तसेच थांबले. "साब, ये लाइन नक्को क्या?"

"नक्को."

"नीचे जगा खाली रैती."

"राहू द्या."

चाचांनी सुतळी सोडली. ती अक्षरं इतकी वर्षं एकमेकांना चिकटून बसली होती की सुटता सुटेनात. त्यांनी रॉकेल घालून, नखानं एकेक मोकळं केलं आणि ज्याच्या त्याच्या खणात टाकलं.

अंक निघाला. शुक्रवारी दुपारपर्यंत काही झालं नाही, आणि मग सगळ्यांची राय एकदम आली. मागून मिळत नव्हती ती न मागता यायला लागली. आडत्यानं जाहिरात बंद केली. विक्रेत्यांकडून गठ्ठे परत आले, काही न सोडताच. रात्रीतून कुणीतरी प्रेसच्या पाटीला डांबर फासलं. लोक दारात उभे राहून बोलायचे, काही ऐकवत नव्हतं असं. संपादक उंबऱ्यात हात बांधून उभे राहायचे, शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे, आणि माणूस दमला की विचारायचे, "आन् अंकाचं रूप कसं वाटायलंय?" बहुतेक जण तसेच निघून जायचे. एकजण जाता जाता म्हणाला, "रूप बरंय."

भीमनगरातला एक तरुण आला. त्यानं अंक घेतला, दारातच उभं राहून वाचला आणि म्हणाला, "लय उशीर केला काका."

"व्हय," संपादक म्हणाले.

काकू डबा घेऊन आल्या. त्यांनी अग्रलेख वाचलेला होता. डबा उघडता उघडता म्हणाल्या, "आता सांगायलाच लागलाव तर, मी पसंत हाय का ते बी सांगून टाका."

"हाय," संपादक म्हणाले आणि जेवायला बसले. काकूंनी पदर तोंडाला लावला. हसल्या की रडल्या, मला दिसलं नाही.

पण गुरुजी आले नव्हते. संपादक रोज त्या बाकड्यावर जाऊन आपल्या टोकाला बसत. आता त्यांच्याजवळ दुसरं कुणी बसतही नव्हतं. हॉटेलमालक, खरं तर धंद्याच्या भीतीनं, चहा जरा लांबूनच ठेवायचा. जाहिरात गेली, गठ्ठे आले, डांबर लागलं, याचं त्यांनी काही वाटून घेतलं नाही. रस्त्याच्या त्या टोकाला काळी छत्री दिसते का, तेवढंच बघत राहायचे. मला ते बघवत नव्हतं.

सोमवार हा आठवडी बाजार. दुपारची वेळ, ऊन रणरणत होतं, हॉटेल गच्च भरलेलं. गुरुजी आले. छत्री मिटली, आपल्या टोकाला बसले. हॉटेलमालकानं मुकाट्यानं अंक आणून त्यांच्या हातात दिला. गुरुजींनी चष्मा काढला, धोतराला पुसला, लावला. पहिलं पान वाचलं. चारच ओळी होत्या, पण ते पुष्कळ वेळ वाचत होते. संपादक समोरच्या भिंतीकडे बघत होते. मी प्रेसच्या दारात उभी होते आणि माझ्यामागे चाचा, हातात एक अक्षर तसंच धरून.

गुरुजींनी अंक मधोमध उघडला. मग मोठ्यानं, शाळेत विचारतात तसं विचारलं, "ही पिन कामून लावली?"

संपादक भिंतीकडून वळले. म्हणाले, "अंक सुटू नये म्हनून."

"मंग दोगांनी वाचायचा कसा?"

संपादक उठले. अंक हातात घेतला, अंगठ्याच्या नखानं पिनेचे पाय सरळ करायला लागले. पिन बोटात घुसली. त्यांनी बोट तोंडात घातलं, परत धरली, ओढून काढली आणि रस्त्यावर टाकली. बाहेरचा कागद गुरुजींना दिला. आतला स्वतः घेतला. आणि तिथंच उभे राहिले.

गुरुजी सरकले. बाकड्याच्या टोकावरून उठून पार संपादकांच्या बाजूला येऊन बसले. हॉटेलमालक दोन्ही हातांत कपबश्या घेऊन बघतच राहिला होता. त्याच्याकडे बघून गुरुजी म्हणाले, "हिकडं वारं बरं लागायलंय."

वारं त्या दिवशी कुठंच नव्हतं. झाडाचं पान हलत नव्हतं. संपादक बसले, दोघांनी कागद डोळ्यांसमोर धरले आणि मला त्यांचे चेहरे दिसेनासे झाले. चाचांनी मागून मला विचारलं, "क्या बोलरे?"

पुढच्या शुक्रवारी मी पिना लावायला बसले तर मशीन जागेवर नव्हतं. संपादकांनी ते माळ्यावर टाकलं होतं. त्याबद्दल त्यांनी कुणाचीही राय घेतली नव्हती.